जिभेखालची गोळी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी इंदूरच्या रामबागेत सकाळी फिरताना कुणी ना कुणी गाठतंच, "काका, जिभेखालच्या त्या गोळीनं ब्लॉकेज विरघळतं का हो?"

नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती ही गोळी, नायट्रेट जातीच्या औषधाची. ब्लॉकेज आहे तिथंच राहतं. सैल पडतो तो रक्तवाहिनीचा स्नायू.

हृदयाच्या धमनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला काही काम असेल असं फारसं कुणाला वाटत नसे. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर मज्जातंतूंचा निरोप वाहणारं रसायन, अ‍ॅसिटिलकोलिन टाकलं. अस्तर शाबूत होतं ती पट्टी सैलावली, घासून निघालं होतं ती उलट आखडली. औषध तेच! आधी कित्येक वर्षं पट्टी तयार करतानाच अस्तर नकळत घासलं जायचं, म्हणून ही गोष्ट दिसलीच नव्हती. अस्तर स्नायूला जो निरोप धाडतं तो नायट्रिक ऑक्साइड वायूचा, हे पुढं कळलं. 1998 चं नोबेल त्यालाच.

तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांनी हे अस्तर बिघडलं की निरोप पोचत नाही. गोळी अस्तराच्या भरवशावर राहत नाही, तोच वायू थेट स्नायूत तयार करते. शिवाय शिराही सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्याचा भार हलका होतो. मोठा आराम मिळतो तो यानंच.

पण रक्तदाबही उतरतो. आमच्या शेजारच्या नानांनी बँकेच्या रांगेत उभ्या उभ्याच गोळी घेतली. छाती मोकळी झाली, पण पायही गेले. कपाळावर हे एवढं टेंगूळ! बसून घ्यायची असते ती. आणि पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

नानांच्या वहिनींची शंका वेगळी, नानांच्या रोज घ्यायच्या नायट्रेटच्या गोळ्यांची, "रोजच्या गोळ्या सकाळी नि दुपारी, रात्रीची डॉक्टर विसरले का?" विसरले नाहीत. नायट्रेटची शरीराला सवय होते, मग ते चालेनासं होतं. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन हेही नायट्रेटच; त्याच्या कारखान्यात कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं ते यामुळंच. रविवारच्या सुट्टीत सवय मोडायची. म्हणून रात्र मोकळी ठेवतात.

वहिनींना पटलं नाही. "तरी एकदा विचारून घेते," म्हणाल्या. घ्या विचारून.