वॉकीवर तिघं एकदम बोलतात तेव्हा कुणाचं ऐकायचं

शूटिंगच्या सेटवर नवीन आलेल्या पीएला (प्रॉडक्शन असिस्टंटला) पहिल्याच दिवशी वॉकी-टॉकी वापरायला शिकवतात, म्हणजे बटण दाबलं की क्षणभर थांबायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो वगैरे. पण कानात तीन माणसं एकदम बोलायला लागली की काय करायचं हे कुणी सांगत नाही. मेकअपला पाच मिनिटं वाढवून हवीत, डीओपीला (कॅमेरा-लाईट सांभाळणाऱ्या सिनेमॅटोग्राफरला) अॅक्टर आत्ताच्या आत्ता मार्कवर (उभं राहायच्या ठरलेल्या जागेवर) हवाय, प्रोड्युसरचे पाहुणे आलेत त्यांना मॉनिटरजवळ खुर्च्या हव्यात, आणि कॉस्च्युमवाली ताई विचारतेय की पुढचा सीन तोच आहे ना की बदलला? सगळ्यांचं अर्जंट. आणि ज्याच्या त्याच्या जागेवरून बघितलं तर असतंही.

नवीन माणूस अशा वेळी हुद्दा बघतो, मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे ते आधी. मला हे पटत नाही. खुर्च्या दहा मिनिटं उशिरा आल्या तर फार तर कुणाचं तरी तोंड वाकडं होईल, पण अॅक्टर दहा मिनिटं उशिरा आला तर अख्खं युनिट लाईट लावून नुसतं उभं. म्हणून मी स्वतःला एकच विचारतो, हे आत्ता नाही झालं तर कॅमेरा थांबेल का? थांबणार असेल तर ते पहिलं, बाकी सगळं रांगेत. याच्या वर फक्त सेफ्टी. वाटेत उघडी केबल पडलीये, कुणाला चक्कर आलीये, तिथे कॅमेरा गेला खड्ड्यात.

लॉक-अपवर, म्हणजे टेक चालू असताना कुणी आत येऊ नये म्हणून वाट अडवून उभे असाल, तर मात्र प्रश्नच मिटला. रोल झालंय, तुम्ही दार धरून उभे आहात, आणि खुद्द प्रोड्युसर येऊन म्हणाले जरा अमुक घेऊन ये, तरी जागा सोडायची नाही. "सर लॉक-अपवर आहे, कट झाला की लगेच कुणालातरी पाठवायला सांगतो" एवढं हळू आवाजात सांगायचं. सेटवर मुरलेली माणसं यावर चिडत नाहीत, उलट दार सोडून गेलात आणि टेकमध्ये कुणी घुसलं तर तेच विचारतील की दारावर कोण होतं.

खरी पंचाईत होते ती दोन्ही मागण्यांनी कॅमेरा अडतो तेव्हा, मेकअप आणि डीओपीचं वर सांगितलं तसं. हा निकाल पीएने लावायचाच नसतो. सेटवरचा वेळ फर्स्ट एडीच्या (पहिल्या असिस्टंट डायरेक्टरच्या) हातात असतो, आपण सेकंड एडीला किंवा थेट फर्स्टला एका वाक्यात कळवायचं की अमुकला इतका वेळ हवाय, तमुक आत्ता मागतायत. आपलं मत घालायचं नाही, मेकअपवाले नेहमीच उशीर करतात हे तर अजिबातच नाही, चॅनलवर सगळे ऐकत असतात बाबा!

आणि जे सांगाल ते खरं सांगा. "येतायत येतायत, दोन मिनिटं" हे सेटवरचं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. व्हॅनिटी व्हॅनच्या दारात उभे आहात ना, मग आत काय चाललंय ते बघा. फक्त शूज घालायचे राहिलेत आणि विग अजून लावायचाय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विग राहिलाय हे वेळेत कळलं तर फर्स्ट एडी तेवढ्यात समोरच्या अॅक्टरचा क्लोज-अप काढून घेईल, एखादा इन्सर्ट (एखाद्या वस्तूचा किंवा हाताचा छोटा जवळचा शॉट) उरकेल, डीओपीला लाईट सुधारायला वेळ देईल. "दोन मिनिटं" ऐकून तो बिचारा काहीच करू शकत नाही, वाट बघत बसतो.

डायरेक्टरने येता-जाता थेट काही सांगितलं तर हो म्हणायचं, पण एडीच्या कानावर घालून मगच हलायचं. पुढच्या शॉटला क्रेन मागव म्हणाले आणि तुम्ही परस्पर जाऊन ग्रिपला (क्रेन-ट्रॉली लावणाऱ्यांना) सांगितलंत तर तिकडे ट्रॉलीचे रूळ टाकत बसलेली माणसं अर्धवट काम सोडून निघतील, कदाचित विचारच बदललेला असेल तोपर्यंत.

रस्त्यात अडवून मागणारे तर असतातच, त्यांना "आत्ता हे पोचवतोय, येताना बघतो" म्हणायचं आणि तिथेच लिहून घ्यायचं, डोक्यात ठेवलेलं चौथ्या माणसापर्यंत टिकत नाही. जमणार नसेल तर चॅनलवर दुसऱ्याला द्या. काम झालं की झालं म्हणून सांगा, नाहीतर तेच काम अजून दोघं करायला धावतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की काही विचारू नका.

बाय द वे, टॉयलेटला जाणं हीसुद्धा एक रिक्वेस्टच आहे आणि पीए ती कायम सगळ्यात शेवटी ठेवतो. ठेवू नका. बऱ्याच इंग्रजी बोलणाऱ्या युनिट्समध्ये त्यासाठी चॅनलवर "टेन-वन" म्हणतात, आपल्याकडे नुसतं "पाच मिनिटं जागा धर" म्हटलं तरी चालतं, पण दुसरं कुणी येऊन उभं राहीपर्यंत हलू नका, आणि जाताना वॉकीचं बटण दाबलेलं राहिलं नाही ना तेवढं बघा.