आहेराची वही

मागच्या वर्षी होळी झाली आणि मी माळा रिकामा करायला घेतला. धुळ्यात हे काम एप्रिलच्या आत उरकावं लागतं. एकदा पारा 43-44 वर गेला की स्लॅबला डोकं टेकेल अशा माळ्यावर दहा मिनिटंही बसवत नाही. देवपुरातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण माळा तिन्हींवर आहे. सकाळी नऊला शिडी लावली, शेवटचं पोतं खाली आलं तेव्हा दोन वाजले होते. मी पतसंस्थेत रोखपाल आहे, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. डबे 43, पातेली 19, ताटं 62, तांब्या-भांड्याचे जोड 11, पराती 4. दीडशे नग झाले. घरात माणसं चार.

यातलं आपण विकत काय घेतलं होतं, म्हणून एकेक भांडं उलटंसुलटं करून पाहिलं. विकतचे चौदा निघाले. वीसेक बोहारणीने जुन्या साड्यांवर दिलेले, आणि त्या साड्याही कुणी ना कुणी नेसवलेल्याच. बाकी सगळा आहेर. प्रत्येकावर नाव टाकलेलं. भांड्याच्या दुकानात बसून मशीनने टाकतात ती टिंबाटिंबांची अक्षरं: मामा-मामींकडून सप्रेम भेट, खाली तारीख. एका डब्यावर मशीन घसरलेली, 'सप्रेम'मधला 'म' थेट कडेवर चढलेला. त्यावरून बोट फिरवलं तर सत्तावीस वर्षांनंतरही खरखर लागली. आत पाहिलं तर दुकानातला कागद तसाच तळाला चिकटलेला. म्हणजे त्या डब्यात कधी मूठभर डाळसुद्धा पडली नव्हती.

मिनिमलिझमचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांतून शिकलेही. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू काढा, खरेदीआधी महिनाभर थांबा. मी थांबतेच. साड्या मोजक्या आहेत, चपलांचे दोन जोड आहेत. तरी माळा भरलेला. कारण आमच्याकडे सामान बाजारातून कमी आणि नात्यांतून जास्त येतं. बारसं, जावळ, साखरपुडा, लग्न, वास्तुशांती. प्रत्येक वेळी ब्लाऊज पीस, टॉवेल-टोपी, देण्याघेण्याची साडी, स्टीलचं काहीतरी. ते आपण जपून ठेवतो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला देतो. माझ्या कपाटातली एक जांभळी साडी तीन घरं फिरून माझ्याकडेच परत आली होती, पिशवीसकट.

या सगळ्याच्या मुळाशी एक वही असते. आमची लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दुकानदार वापरतात तशी. सासऱ्यांनी सुरू केलेली. डावीकडे नाव-गाव, मधे वस्तू, उजवीकडे रक्कम. 'कापडणे, पातेले 1, ब्लाऊज पीस, रु. 21.' त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि एकवीसचे एकतीस करायचे. त्यांनी पुढच्या वेळी एकावन्न. रोज खतावणी हाताळणाऱ्या बाईला हे दिसायला इतकी वर्षं लागली: या वहीत खातं कधी बंदच होत नाही. प्रत्येक जण आधीचं फेडून वर थोडं चढवून ठेवतो.

माझं लग्न 1998 मधलं. मांडवात आंदण मांडलं होतं आणि साक्री तालुक्यातून आलेली माझी आजी त्या रांगेसमोर उभी राहून म्हणाली होती, "इतलं कसाले व माय?" इतकं कशाला गं? मला तेव्हा राग आला होता. आजीच्या धाब्याच्या घरात एक उतरंड, एक कणगी, खुंटीवर दोन लुगडी. पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर तर गल्लीत मिळून एकच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते घरोघर फिरायचं आणि कुणाकडे कधी जाणार हे बायका आधीच ठरवून ठेवायच्या. मला याचं उगाच गोड चित्र काढायचं नाही. आजीकडे कमी होतं ते गरिबीमुळे. 1972 च्या दुष्काळात त्यातलंही काही मोडीत गेलं. पण खापर फिरायचं ते मात्र गरिबीमुळे नव्हे. वर्षातून एकदा लागणारी वस्तू प्रत्येक घरात कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अपरिग्रह हा शब्द शाळेत ऐकला होता. साठवू नये, एवढाच अर्थ कळला होता. धुळ्याच्या माणसाला विनोबांची आठवण या शहरात राहूनच असते. 1932 साली ते इथल्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, असे गीतेच्या अठरा अध्यायांवर ते बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. त्या चौथ्या अध्यायात 'त्यक्तसर्वपरिग्रहः' असा शब्द आहे. परि म्हणजे सगळीकडून, ग्रह म्हणजे घेणं. साठवण्याची गोष्ट नंतरची, आधी घेणं आलं. माळा झाडून काही होणार नव्हतं. घेताना 'नको' म्हणता यायला हवं होतं. आणि देणाऱ्याला 'नको' म्हणण्याइतकं अवघड आमच्या खान्देशात दुसरं काही नाही.

वैशाखात मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापायचं मी ठरवलं. सासूबाई दोन दिवस जेवणापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी वही मांडीवर घेऊन बसल्या. "हे बघ," एका नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात यांनी अकरा रुपये दिले. तेव्हा अकरा रुपयांत काय यायचं ठाऊक आहे तुला? सगळ्यांनी एकेक भांडं आणलं म्हणून माझी चूल मांडली गेली. ही उधारीची वही नाही, आपल्यासाठी धावून आलेल्या माणसांची आहे." त्यांचं खरं होतं. आहेर निघाला तो एकट्या घराला लग्न झेपत नाही म्हणून. मी म्हणाले, "आई, वही ठेवू. नावंही लिहू. फक्त मधला रकाना रिकामा सोडू." त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, पण पत्रिका छापायला गेली तेव्हा अडवलंही नाही.

मोठ्या नणंदबाई मात्र दुखावल्या. त्यांनी मिक्सर घेऊन ठेवला होता. "भावाच्या मुलीला मी रिकाम्या हाताने आशीर्वाद देऊ?" मी पाया पडले, समजूत काढली, मिक्सर परत पाठवला. त्यानंतर बरेच महिने त्यांचा फोन आला नाही. ते मला लागलं, अजूनही लागतं. कमी वस्तूंत राहण्याची ही किंमत त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही.

भांड्यांचं काय केलं ते थोडक्यात सांगते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना सगळं देऊन टाक, असं अनेकांनी सुचवलं. आपली अडगळ गरजवंताच्या दारात नेऊन ठेवणं याला मी दान म्हणत नाही. त्यांना विचारलं, त्यांना झाकणाचे दोन डबे हवे होते, ते दिले. मोठी पातेली, पराती आणि पन्नास ताटं कॉलनीच्या भजनी मंडळात ठेवली. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावीत, घासून परत आणावीत. बरंचसं मोडीत गेलं. 'म' कडेवर चढलेला डबा ठेवला. मामी आता नाहीत. त्यात मी दादर ज्वारीचं पीठ भरते.

आता कुणाकडे कार्य असलं की मी आठ दिवस आधी जाते. फोनवर विचारते, पापड आणि ज्वारीचे बिबडे कधी घालणार? बिबड्यांना माणसं लागतातच. ज्वारी तीन दिवस भिजलेली, धुऊन वाळवून दळलेली. मोठ्या पातेल्यात आधण, त्यात तीळ, लसूण, मिरची, मीठ. एकीने पीठ सोडायचं, दुसरीने दोन्ही हातांनी घाटायचं, नाहीतर गुठळ्या होतात. गरम घाट्यावर तेल घालून चार घास उभ्या उभ्या खायचे आणि उन्हं चढायच्या आत गच्चीवर थापायला लागायचं. संध्याकाळपर्यंत तळहात लाल होतात. हा माझा आहेर. तो वर्षभरात खाऊन संपतो, माळ्यावर जात नाही.

या मार्चमध्ये नणंदबाईंचा फोन आला. आवाज थोडा कोरडाच होता. "वहिनी, रविवारी बिबडे घालतेय. येशील ना? आणि येताना तुझं ते मोठं पातेलं आण, माझ्याकडे एवढं मोठं नाही."

"आणते," म्हणाले, आणि आमचंच पातेलं मागून आणायला भजनी मंडळाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकूंच्या घरी गेले. वहीत त्यांनी माझं नाव आणि तारीख लिहून घेतली.