फक्त गुरुवारी चढणारी पट्टी

पुण्यात तबकड्या वाजवायचे जुने टर्नटेबल दुरुस्त करण्याचे काम करताना एक गोष्ट लवकर कळते, ती म्हणजे ‘मोटर गेली’ म्हणून आलेल्या दहा यंत्रांपैकी आठ-नऊ यंत्रांची मोटर उत्तम असते. बेअरिंगमधले तेल चाळीस वर्षांत गोंदासारखे झालेले असते, किंवा बेल्ट सैल पडून पुलीवर घसरत असतो. जुने तेल काढायचे, नवा बेल्ट चढवायचा, तासाभरात काम संपते आणि अशा कामांबद्दल लिहिण्यासारखे काही नसते. गेल्या पावसाळ्यातले एक काम मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही, कारण त्यात ग्राहक बरोबर होता, मी चुकीचा होतो, आणि चूक ज्या साधनावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो त्याच्या आडून झाली होती.

यंत्र होते थोरेन्स टीडी १६०. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गायनशिक्षकांना त्यांच्या पुतण्याने ते न्यू जर्सीहून आणून दिले होते. अमेरिकेतली वीज ११० ते १२० व्होल्टची, म्हणून सोबत एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही आला होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता बदलत नाही, ही शाळेत शिकवलेली गोष्ट सुशिक्षित माणसेही का विसरतात हे मला आजवर उमगलेले नाही. टीडी १६०ची मोटर १६ ध्रुवांची सिंक्रोनस मोटर आहे, म्हणजे तिचा वेग विजेच्या वारंवारतेवरच ठरतो. ६० हर्ट्झवर ती मिनिटाला ४५० फेरे घेते आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर बरोबर ३७५. पुली अमेरिकन विजेसाठी कातलेली असेल, तर इथे तबकडीला मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २७.८ फेरे मिळतात आणि गायकाचा स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या तीन पायऱ्या खाली उतरतो.

माझ्या आधी हे यंत्र ज्याच्याकडे गेले होते त्या कारागिराला निदान एवढे कळले होते की पुली जाड हवी. त्याने तिच्यावर इन्सुलेशन टेपचे वेढे घातले होते. मी टेप उलगडली तेव्हा आतला डिंक मधासारखा पाझरून एका बाजूला साचलेला होता, त्यामुळे पुली गोल उरलीच नव्हती, आणि प्रत्येक लांब स्वर हळूच वरखाली डोलत होता. मी टेप पूर्ण काढली, स्पिरिटने मूळ पुली स्वच्छ केली आणि माझ्या नेहमीच्या लेथवाल्याकडून पितळेची नवी पुली कातून घेतली. ५० आणि ६० यांचे गुणोत्तर पाहून व्यास बरोबर १.२ पट करायचा, असा सरळ हिशेब कोणीही करील, आणि तो चुकेल. बेल्टलाही जाडी असते, आणि वेग ठरतो तो पुलीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर बेल्टच्या जाडीच्या मध्यावर. त्यामुळे नुसती १.२ पट पुली पाऊण-एक टक्का हळू चालते. शिवाय पुलीच्या मध्यभागी किंचित फुगवटा ठेवावा लागतो, नाहीतर बेल्ट कडेला सरकत राहतो. दुसऱ्या खेपेला पुली जमली. स्ट्रोबच्या, म्हणजे वेग तपासायच्या, चकतीवरच्या १८० रेघा नियॉनच्या दिव्याखाली अशा स्थिर उभ्या राहिल्या, की जणू कागदावर छापलेल्या. ५० हर्ट्झच्या विजेवर नियॉन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि ३३⅓ फेऱ्यांना तेवढ्याच वेळात बरोबर १०० रेघा नजरेखालून जातात. याहून साधे आणि निर्दोष मोजमाप नाही, असे मी कित्येकांना छाती पुढे काढून सांगितले आहे.

पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. इतर दिवशी तबकडीची पट्टी पेटीच्या काळी चारला चपखल बसते, पण गुरुवारी सकाळी ती काळी चार सोडून पांढरी सहाकडे, म्हणजे शेजारच्या वरच्या स्वराकडे, सरकते, असे त्यांचे म्हणणे होते. मी शनिवारी गेलो, स्ट्रोब लावला, रेघा स्थिर दिसल्या. वयोमानाने कान थोडे बदलतात, असे काहीसे मी शक्य तेवढ्या सौम्यपणे बोललो. त्यावर ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “माझे कान बदलले असतील, पण पेटीचे स्वर वाराप्रमाणे बदलत नाहीत. तुम्ही गुरुवारी या.”

गुरुवारी अकराला गेलो. देखभालीसाठी त्या भागातली वीज सकाळीच गेलेली होती आणि घर इन्व्हर्टरवर चालले होते. तबकडी सुरू होताच पहिली गोष्ट मला जाणवली ती मोटरची कुरकुर. शनिवारी न ऐकू येणारा खरखरीत आवाज प्लॅटरखालून, म्हणजे तबकडी ठेवायच्या थाळीखालून, येत होता, पण जुन्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर असली की मोटर अशी कुरकुरतेच, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. स्ट्रोब लावला. रेघा थोड्या फिकट दिसल्या, पण जागच्या हलत नव्हत्या. मी विजयी मुद्रेने वर पाहिले, तेव्हा गुरुजींनी काही न बोलता पेटीवर काळी चार दाबून धरली. तबकडीतला षड्ज तिच्यापेक्षा स्पष्ट चढा होता. अर्ध्या स्वराचा निम्म्याहून मोठा भाग चढा, आणि तो माझ्यासारख्या गाणे न शिकलेल्या माणसालाही टोचत होता.

माझे डोळे आणि माझे कान परस्परविरुद्ध सांगत होते. उगाच म्हणून मी खिशातला फोन प्लॅटरवर ठेवला. त्यातल्या अ‍ॅपने मिनिटाला ३४.६ फेरे दाखवले. मग मल्टिमीटर हर्ट्झवर लावून सॉकेटमध्ये प्रोब घातले, आणि आकडा आला ५१.९.

सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते आणि माझा नियॉनही त्याच सॉकेटला. इन्व्हर्टरने दोघांनाही सारखेच पुढे पळवले, म्हणून दोघे एकमेकांशी तंतोतंत जुळले. ज्याला मी साक्षीदार म्हणून नेले होते, तो आरोपीच्याच घरचा निघाला. फोनच्या आत त्याचा स्वतःचा क्रिस्टल (सॉकेटच्या विजेवर न चालणारे घड्याळच) असतो आणि पेटीला तर वीजच लागत नाही. त्या खोलीत वेगाची खरी मोजणी करणारी दोनच साधने होती, आणि त्यांपैकी एकावर गुरुजींचे बोट होते.

इन्व्हर्टर पंधराएक वर्षांपूर्वी स्थानिक पातळीवर जोडलेला होता. असल्या यंत्रांत वारंवारता एका छोट्या प्रीसेटवर, म्हणजे स्क्रूने फिरवायच्या रेझिस्टरवर, ठरते, आणि रेझिस्टर-कपॅसिटर जुने झाले की ती सरकते. गुरुजींच्या इन्व्हर्टरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “पंखे फिरतात ना साहेब? मग?” त्याच्या दृष्टीने तक्रार उरतच नव्हती. मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण शनिवारी मी स्वतः याहून वेगळे काही बोललो नव्हतो. प्रीसेटला हात न लावता मी गुरुजींना वीज येईपर्यंत तबकडी न लावण्याचा सल्ला दिला, आणि आता माझ्या पिशवीत स्ट्रोबसोबत बॅटरीवर चालणारा, स्वतःच्या क्रिस्टलवर लुकलुकणारा एलईडी असतो.

निघताना गुरुजींनी एक वही समोर ठेवली. १९८०च्या दशकात घरच्या जुन्या रेडिओग्रामवर ऐकलेल्या प्रत्येक तबकडीची पट्टी त्यांनी तीत लिहून ठेवली आहे, कुठे ‘काळी चार’, तर कुठे ‘काळी चारच्या किंचित खाली’. आज आपल्या विजेच्या जाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवण्याचा नियम आहे, पण २००२पूर्वी पश्चिम भारतात संध्याकाळी मागणी वाढली की ती ४८.५च्या आसपास घसरणे नवलाचे नव्हते, आणि तेवढ्याने पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्म्याने उतरते. गुरुजींनी विचारले, “मग हे ‘किंचित खाली’ गायकाचे, की विजेचे?”

काही नोंदींपुढे त्यांनी वेळही लिहिली आहे, बहुतेक संध्याकाळी साडेसात-आठची. त्या तबकड्यांपैकी ज्या अजून त्यांच्याकडे आहेत त्या दिवसाच्या विजेवर पुन्हा लावून पाहायचे आम्ही ठरवले आहे. पहिल्या रविवारी सात झाल्या. पाच काळी चारला बसल्या, दोन अजून खालीच आहेत.