पडवीतली पिशवी

काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याला आमच्याकडे डीक म्हणतात. बोटांना लागला की कातडी भाजते, काळी पडते आणि मग सालपटं निघतात. म्हणून काजू फोडणाऱ्या बायका हातांना तेल नाहीतर राख चोळून बसतात. वेंगुर्ल्याजवळच्या गावातली एक बाई तेच काम करायची. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका संध्याकाळी घाईत, हात नीट न धुता तिने लेकीला उचललं. दुसऱ्या दिवशी पोरीच्या गालावर फोड.

गाल दोन आठवड्यांत बरा झाला. काम तिने लगेच सोडलं. हात धुणं मात्र वाढतच गेलं. माझ्याकडे मानसोपचारांसाठी आली तेव्हा दिवसाचे चार-चार तास ती विहिरीजवळच्या धोंडीवर काढत होती. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, आणि प्रत्येक चिरेत साबणाची पांढरी रेघ. आठ महिने तिने लेकीची वेणी घातली नव्हती.

"माका कळता बाईनू, हात साफ आसत. पण जीव ऱ्हवना नाय."

मंत्रचळ (डॉक्टरी भाषेत ओसीडी) म्हणजे काय, हे मला याहून नेमकं सांगता येणार नाही. तिला कळत होतं. कळण्याने भागत नव्हतं, कारण तिचं शरीर वेगळंच काही शिकून बसलं होतं. ओ. होबार्ट मावरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1947 मध्ये हे शिकणं दोन पायऱ्यांत मांडलं. आधी एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला भीती चिकटते. मग ती भीती ज्या कृतीने उतरते, ती कृती सुटकेच्या जोरावर पक्की होते. धुतलं की जिवाला बरं वाटतं. ते बरं वाटणंच पुन्हा धुवायला शिकवतं.

सॉलोमन आणि विन या संशोधकांचे कुत्र्यांवरचे 1953 चे प्रयोग मी विसरू शकत नाही. दिवा विझला की थोड्या वेळाने विजेचा धक्का. अडसरावरून पलीकडे उडी मारली की सुटका. पुढे धक्का कायमचा बंद केला, तरी कुत्रे शेकडो वेळा उड्या मारत राहिले. धक्का बंद झालाय हे कळायला तिथे थांबावं लागतं, आणि ते थांबतच नव्हते.

माझ्या सगळ्याच पेशंटांना अशी सुरुवातीची घटना आठवत नाही. भीती आली कुठून, याचं उत्तर या सिद्धांताकडे अपुरं आहे. ती जात का नाही, हे मात्र तो फार चांगलं सांगतो, आणि मला रोज तेच लागतं.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये लंडनहून मंत्रचळाच्या दोन पेशंटांवरच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि धुणं थांबवायचं. आम्हीही तेच करत होतो. सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू होत्याच. सहा आठवड्यांत माझ्या खोलीत ती छान शिकली. घरी गेली की पुन्हा धोंडीवर. माझाही धीर सुटायला लागला होता. पण जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं, आणि ते जागेला बांधलेलं असतं. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत, उंदरांचा पिंजरा बदलला की गेलेली भीती परत आलेली दिसते. म्हणजे शिकायचं तर तिच्या पडवीतच शिकायला हवं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी तिथे गेले. खुंटीवर तिची कारखान्याची कापडी पिशवी, कितीदा तरी धुतलेली, डिकाचा अंशही न उरलेली. त्या पिशवीखालून ती जात नसे, परसातून वळसा घालून घरात शिरायची. सासू रोज तिच्यासाठी पाणी शेंदायची, त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसत असतानाही. नवरा ट्रॉलरवर. समुद्रातून फोन लागला की ती विचारायची, डीक लागला नाही ना हाताला? हात न बघताच तो म्हणायचा, "नाय गो, साफ आसत." आणि तिला बरं वाटायचं! तेही धुणंच होतं, नुसतं पाण्यावाचून.

तिने पिशवी दोन्ही हातांत धरली. भीती किती, शंभरपैकी? "नव्वद." मी लेकीला हाक मारली. पोर दोन हातांवर थांबली. आईला शिवायचं नाही हे तिला घरानेच शिकवलं होतं. आईने फणी घेतली, पण हात थरथरत होते.

"तिचो गाल परत उतलो तर?" तिने सासूकडे बघून विचारलं.

सासूच्या ओठांवर उत्तर आलेलं मी पाहिलं. आठ महिने दिवसातून शंभरदा दिलेलं. तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि नजर अंगणाकडे वळवली. त्या क्षणाला मी उपचार म्हणते. त्याहून अवघड काम त्या दिवशी कुणी केलं नाही.

मी काहीच बोलले नाही. वेणीचे पेड पडत होते, चुकत होते, पुन्हा पडत होते. वीस मिनिटांनी ऐंशी. मग बराच वेळ आकडा हललाच नाही, आणि मला वाटलं आता ही उठणार. पाऊण तासाने पंचावन्न. तासाभराने तिने आकडा सांगायचंच सोडलं, पोरीच्या कानामागचा घाम पुसत बसली.

"आये, भांग वाकडो इलो," पोर आरशात बघून म्हणाली.

तिने फणी उचलली, मग खाली ठेवली. "ऱ्हवांदे," म्हणाली, आणि तोच हात पोरीच्या गालावर फिरवला.