दार उघडलं नाही की बरं वाटतं

भूत समोर आलं की मला फारशी भीती वाटत नाही, खरंच. दिसलं ना, मग आता एकतर पळा नाहीतर हातातली फळी हाणा, हिशोब सोपा आहे. माझी तंतरते ती काहीच नसतं तेव्हा.

परवा सायलेंट हिल 2 हा भीतीदायक व्हिडिओ गेम परत काढला, जुना, 2001 चा. रात्रीचे साडेबारा, दिवा बंद, कानात हेडफोन. गोष्ट एवढीच की जेम्सला, म्हणजे गेममध्ये आपण ज्याला चालवतो त्याला, बायकोचं पत्र येतं, आपल्या त्या खास जागी तुझी वाट बघतेय म्हणून, आणि बायको तर तीन वर्षांपूर्वीच आजारपणात गेलेली. आपल्याकडे असं पत्र आलं असतं तर माणसाने आधी अंगारा लावला असता, हा बाबा गाडी काढून निघाला!

शहरात धुकं. 1999 च्या पहिल्या भागात हे धुकं आलं कारण प्लेस्टेशनला लांबचे रस्ते-इमारती दाखवणं झेपत नव्हतं, म्हणजे मशीनचा तोकडेपणा झाकायला टाकलेलं पांघरूण. पण त्या पांघरुणाखाली काय असेल हे आपलं डोकं ठरवतं, आणि आपलं डोकं कुठल्याही डिझायनरपेक्षा जास्त हरामखोर असतं. वर खिशात एक रेडिओ, जवळपास काही आलं की खरखरतो. कुठून येतंय ते सांगत नाही, नुसता खरखरतो.

मग त्या अंधाऱ्या अपार्टमेंटचा पॅसेज. टॉर्चच्या उजेडात एकेक दार बघत जायचं, हँडल फिरवायचं, आणि बहुतेक वेळा मेसेज येतो की कुलूप तुटलंय, उघडत नाही. आणि माझा जीव भांड्यात पडतो! म्हणजे मी स्वतः हौसेने खेळायला बसलोय आणि दार उघडलं नाही म्हणून खूश होतोय, आणि उघडलं की मनातल्या मनात शिव्या. एका फ्लॅटमध्ये तर तुंबलेल्या कमोडमध्ये हात घालायला लावतात. आत राक्षस वगैरे काही नसतं हो, पण तो हात आपण घातलेला असतो.

सिनेमात कसं, ती बया तळघरात निघाली की आपण तोंडावर उशी घेतो, सीन आपला आपला संपतो. इथे डोळे मिटले तर जेम्स तसाच उभा राहतो, सकाळपर्यंत राहील. पुढे एके ठिकाणी जमिनीत खड्डा आहे, काळाकुट्ट, तळ दिसत नाही, आणि गेम शांतपणे विचारतो, उडी मारायची का? हो. नाही. बास, मागून कोणी ढकलत नाही, घाई पण नाही.

मी मोबाईल बघितला. मग पाणी प्यायला उठलो, येताना मागच्या दाराची कडी लागलीये ना बघितलं, लागलेली होती, तरी परत एकदा हात लावून बघितलं. आतून आईचा आवाज आला, "झोपतोयस ना रे?"

"हो," म्हटलं.

येऊन बसलो, हेडफोन लावला आणि तिथेही हो दाबलं. जेम्स खाली गेला. थोडं चाललो तर परत एक खड्डा, परत तोच प्रश्न.