चार्लीची मावशी

आजची सुट्टी 'चार्लीज आंट' या फार्सचा इतिहास वाचण्यात गेली आणि जीव हरखला. ब्रँडन टॉमसचं हे नाटक फेब्रुवारी १८९२ मध्ये इंग्लंडच्या बरी सेंट एडमंड्स गावात पहिल्यांदा लागलं. डिसेंबरात लंडनला आलं ते तब्बल १,४६६ प्रयोग करूनच उतरलं! १८९३ला न्यूयॉर्क, मग जर्मनी, फ्रान्स. भांडवल काय, तर काळा झगा, लेसची टोपी आणि ब्राझीलची श्रीमंत मावशी बनलेला ऑक्सफर्डचा एक पोरगा. झगा सावरताना त्याची जी तारांबळ उडते, तिला कुठलीच भाषा लागत नाही. आपल्या अत्र्यांनी तिचीच 'मोरूची मावशी' केली. विजय चव्हाणांना त्या नऊवारीत पाहिलेल्यांना वेगळं काय सांगू? नाटक पहिल्यांदा जिथे लागलं ते बरी सेंट एडमंड्सचं थिएटर रॉयल आजही उभं आहे. तिथे एकदा जायचंच.