सरका थोडं!

तिसरीचा आमचा वर्ग उत्तरेच्या कोपऱ्यात होता. ऊन यायचं ते मधल्या सुट्टीनंतर. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर तरटाच्या पट्ट्या, आणि पट्टीवर कोण कुठे बसणार हे जूनमध्येच भांडून ठरलेलं. निफाडची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना त्या पट्टीची किंमत सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की पेपरात बातमी येते. आम्हांला ती आदल्या रात्रीच कळायची, कारण वडील द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला गेलेले असायचे. मणी तडकले की वर्षाचा हिशेब बुडाला.

दिवाळी सरली की कारखान्याचा बॉयलर पेटायचा आणि बीड, पाथर्डी, नांदगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोड. पोरं कोपीवर धाकट्यांना सांभाळायची. त्यातली काही आमच्या शाळेत येऊन बसायची. त्यांची नावं त्यांच्या गावच्या हजेरीपटावर, इथे नाहीत. म्हणून ती दाराशी, उघड्या फरशीवर बसायची. त्यांना तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच दिवसांत नांदूरमधमेश्वरला दूरदेशचे पक्षी यायचे. (2020 साली ती जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली; आमच्यासाठी ते नुसतं ‘धरण’ होतं.) त्या पक्ष्यांना आम्ही ‘पाहुणे’ म्हणायचो. कोपीवरच्या पोरांना ‘कारखान्याची पोरं’.

बाईंकडे एक पातळ, मोठ्या आकाराचं सोव्हिएत पुस्तक होतं. अशी पुस्तकं तेव्हा प्रदर्शनात फार स्वस्त मिळायची. सोव्हिएत युनियन मोडलं आणि ती यायची बंद झाली. एका गारठलेल्या सकाळी गणित बाजूला ठेवून बाईंनी त्यातली गोष्ट सांगायला घेतली. युक्रेनची लोककथा. बर्फाळ रानातून म्हातारा आणि त्याचा कुत्रा चाललेत. म्हाताऱ्याचा एक हातमोजा वाटेत पडतो. उंदीर येतो, आत शिरतो. मग बेडूक, मग ससा, मग कोल्हीण. प्रत्येक जण बाहेरून विचारतो, आत कोण आहे? आतले आपापली नावं सांगतात आणि म्हणतात, ये. मग लांडगा, मग सुळेवाला रानडुक्कर. शेवटी अस्वल.

चित्रं बघायला आम्ही एकमेकांच्या खांद्यांवर चढलो होतो. प्राणी युक्रेनी कपडे घातलेले, आणि दर पानाला हातमोज्याचं घर होत चाललेलं: आधी शिडी, मग ओसरी, मग खिडकी, मग धूर सोडणारं धुराडं. ती चित्रं येवगेनी राचोव यांची, हे मला फार उशिरा समजलं. अजूनही कुठे दिसली की मी आधी धुराडं शोधतो.

मग बाईंनी कपाटातली घोंगडी काढून जमिनीवर पसरली आणि म्हणाल्या, “हा हातमोजा. चला, कोण उंदीर?” उंदीर व्हायला सगळेच तयार, पहिल्यांदा ऊब मिळणार होती ना. ससा-कोल्हीण होईपर्यंत आमची गावातली पोरं संपली नव्हती, पण बाईंनी लांडगा दाराजवळून उचलला. रानडुक्करही तिथूनच. तो मुलगा इतका हुबेहूब हुंकारला की आतल्या बेडकाने किंचाळी फोडली. डुकरं त्याने उसात रोजच पाहिलेली. अस्वलावरून मात्र वाद झाला. “बाई, अस्वल कशाला, बिबट्या घ्या!” आमच्याकडच्या उसात बिबट्याच असतो, हे बाईंनाही माहीत होतं. पण त्या ठाम राहिल्या. गोष्ट युक्रेनच्या रानातली आहे, तिथलं अस्वल तिथेच राहील.

अस्वल झाली पाथर्डीकडची एक मुलगी, कडेवर तान्ह्या भावासकट. घोंगडीत जागा कुठली! “जागा नाही,” आतून आवाज आला. तो बेडकाचा होता. त्यावर उंदीर म्हणाला, “सरका थोडं!” सगळे कुरकुरत सरकले. मला ही गोष्ट एवढी आवडते ती या कुरकुरीसाठी. आतला कुणीच मालक नाही, कुणी मोठ्या मनाचा म्हणून मिरवत नाही, प्रत्येक जण काल-परवाच तिथे शिरलेला. दानशूर राजांच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांत देणाऱ्याला कधी अडचण झालेली आठवत नाही.

शेवटी म्हातारा हातमोजा शोधत परततो, कुत्रा भुंकतो आणि सगळे रानात पसार होतात. आम्ही पांगलो, हसलो. त्या मुलीला ते पटलं नाही. “मग ती गेली कुठं?” तिने विचारलं. बाई म्हणाल्या, “म्हाताऱ्याला हात दोन होते की!” आम्हांला विनोद वाटला. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, “मंग दुसराबी पाडाया पायजे.”

घोंगडी कपाटात गेली, पण दाराशी बसलेले त्या दिवसापासून पट्टीवर आले. सगळं गोड झालं असं नाही. एकाच्या आईने येऊन तक्रार केली, दोन मुलं महिनाभर तोंड फिरवून बसली. हंगाम संपला आणि कोप्या उठल्या तेव्हा पट्टी पुन्हा ऐसपैस झाली.

2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आमच्या भावकीतला एक मुलगा तिकडे डॉक्टरकी शिकत होता. तो रोमानियाच्या सीमेवरून बाहेर पडला. बुखारेस्टहून पहिलं विमान 26 फेब्रुवारीला मुंबईत उतरलं. हा नंतरच्या एका विमानाने आला. सीमेपलीकडच्या गावकऱ्यांनी ब्लँकेटं आणि गरम सूप दिलं, शाळेच्या हॉलमध्ये झोपायला जागा केली, असं तो सांगत होता. बर्फात तासन् तास उभं राहिल्याने त्याचे पाय सुजले होते. त्याला मी हातमोज्याची गोष्ट सांगितली. त्याला ती तिथल्या घरमालकिणीच्या नातवामुळे आधीच पाठ होती.

आता वर्गात पट्ट्या नाहीत, बाकं आहेत. शाळेच्या महोत्सव समितीला माझ्या देणगीचा आकडा कळवला आहे. अट एकच घातली आहे: बाकं घ्यायची तर लांब घ्या, मधे लोखंडी दांडी नसलेली.